अक्षरे ओतणारे जावजी दादाजी

राजांच्या आणि संतांच्या गोष्टी आपण पुस्तकात वाचतो. पण पुस्तकातली अक्षरे कोणी केली, हे कोणी विचारीत नाही.

जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म १८३९ साली मुंबईस झाला. घरची गरिबी होती. शाळा फार झाली नाही. दहाव्या वर्षी ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामाला लागले. पगार महिना दोन रुपये. काम काय, तर खिळे घासायचे! हे खिळे भिंतीत ठोकायचे नव्हेत. शिशाच्या लहान तुकड्याच्या टोकाला उलटे अक्षर असे, त्याला छापखान्यात खिळा म्हणत. मीपण दहा वर्षांचा आहे. मला दिवसभर खिळे घासायला लावले तर रडूच येईल. पण जावजी नुसते घासत बसले नाहीत. अक्षर ओतायची सगळी विद्या ते शिकले.

खिळा असा होई. आधी पोलादावर अक्षर कोरायचे. तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करायचा. मग साच्यात वितळलेले शिसे ओतायचे. आपल्या लिपीत काना, मात्रा, वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे आहेत. म्हणून इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त खिळे लागत. एक खिळा जाडाबारीक झाला तर सगळी ओळ बिघडे.

१८६४ साली जावजींनी स्वतःचा खिळे ओतायचा कारखाना काढला. ठसे कोरण्यात राणोजी रावजी आरू फार हुशार होते. त्यांची जावजींना साथ मिळाली. १८६९ साली निर्णयसागर छापखाना सुरू झाला. तिथे पंचांगे, मराठी पुस्तके आणि संस्कृत ग्रंथ छापले. १८८६ पासून काव्यमाला निघाली. त्यात जुनी संस्कृत काव्ये छापली. ज्याला शाळा मिळाली नाही, त्याने छापलेले ग्रंथ मोठमोठे पंडित वाचू लागले.

आता एक गंमत सांगतो. माझ्या ताईच्या हिंदीच्या पुस्तकातला ल बघा. त्याला उजवीकडे उभा काना असतो. आपल्या मराठी ल ला दोन पाकळ्या असतात. लिपी एकच, पण वळण वेगळे. मुंबईच्या खिळ्यांना आपले वळण होते आणि कलकत्त्याच्या खिळ्यांना तिकडचे. मोबाइलवर पुष्कळदा मराठी मजकुरातही काना असलेला ल येतो. तो काही वाईट नाही. पण दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखं वाटतं. अक्षरावरून सुद्धा माणूस कुठला ते कळतं.

१८९२ साली जावजी वारले. मग त्यांचे चिरंजीव तुकाराम यांनी छापखाना चालवला. आता शिशाचे खिळे जाऊन संगणक आला आहे. पण अक्षर घोटून सुंदर करायचं काम तेच आहे. या लेखात मी सगळे ल दोन पाकळ्यांचे काढले आहेत. पालकांनी जरूर मोजून बघावेत.