आकाशाची अध्यापिका

अमेरिकेतील नॅन्टकेट बेटावर १८१८ साली मराया मिचेल यांचा जन्म झाला. बारा वर्षांच्या असताना सूर्यग्रहणाच्या वेळी त्यांनी वेध घेणाऱ्या वडिलांना साहाय्य केले. पुढे ग्रंथपालाचे काम सांभाळून त्या रात्री आकाश न्याहाळीत. १८४७ साली त्यांना नवा धूमकेतू आढळला. डेन्मार्कच्या राजाने त्यांना सुवर्णपदक दिले. शास्त्र हा मुलींचा प्रांत नव्हे, असे मानण्याचा तो काळ. परंतु १८६५ साली व्हासार महाविद्यालयात प्राध्यापिका होताच त्यांनी विद्यार्थिनींच्या हाती दुर्बीण दिली. ऐकीव ज्ञानापेक्षा स्वतः पाहणे व मोजणे त्यांना मोलाचे वाटे. १८७८ चे खग्रास ग्रहण पाहण्यासाठी काही शिष्यांसह त्या दूर डेन्व्हरला गेल्या. १८८९ साली त्या निवर्तल्या. त्यांचे अध्यापनकार्य त्यांचीच शिष्या मेरी व्हिटनी यांनी पुढे चालविले.