काच, साबण आणि पाइप

नवी दिल्लीतील कोपर्निकस मार्ग पूर्वी लिटन रोड म्हणून ओळखला जाई. १८७६ ते १८८० या काळात व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड लिटनचे नाव मराठी वाचकाला ठाऊक असते ते दख्खनच्या भीषण दुष्काळामुळे आणि देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणाऱ्या १८७८ च्या कायद्यामुळे. नव्या राजधानीचे प्रमुख वास्तुकार सर एडविन ल्युटेन्स हे याच लिटनचे जावई. अर्थात सासऱ्याने जावयाचे तोंड पाहिले नाही. लिटन १८९१ मध्ये निवर्तला आणि एमिलीचा विवाह १८९७ मध्ये झाला.

ल्युटेन्स यांचा जन्म २९ मार्च १८६९ रोजी लंडन येथे झाला. बालपणीच्या सांधेतापामुळे त्यांचे शालेय शिक्षण जवळजवळ झालेच नाही. सरे परगण्याच्या खेड्यापाड्यांतून भटकताना हा मुलगा काचेचे तावदान घरासमोर धरी आणि टोकदार साबणाच्या तुकड्याने त्याच्या रेषा काचेवर उतरवून घेई. हीच त्याची खरी शाळा. वयाची विशी उलटण्याच्या सुमारास त्याने स्वतंत्र व्यवसाय थाटला, आणि उद्यानतज्ज्ञ गर्ट्रूड जेकिल यांच्या सहकार्याने इंग्लंडच्या ग्रामीण भागात घरे बांधून नाव मिळविले.

गोल चष्मा आणि तोंडात पाइप, ही त्यांची सर्वपरिचित मूर्ती. स्वभाव मुळात बुजरा. तो बुजरेपणा ते शाब्दिक कोट्यांनी आणि पाइपच्या धुराने झाकीत. आपल्याकडील गुडगुडीला बैठक लागते, निवांतपणा लागतो, बहुधा ती भरून देणारा नोकरही लागतो. पाइप दातांत धरला की दोन्ही हात मोकळे राहतात, आणि उभ्या फलकावर आखणी करणाऱ्या माणसाला तेच सोयीचे. कागदाचा कपटा दिसला की त्यावर त्यांचे विनोदी चित्र उमटलेच म्हणून समजावे.

१९१२ मध्ये ते दिल्लीस आले. भारतीय वास्तुकलेविषयी त्यांनी काढलेले उद्गार तुच्छतेचे होते, आणि ते झाकण्याचे कारण नाही. तरीही व्हाइसरॉय निवासाचा घुमट त्यांनी सांचीच्या स्तूपाकडे पाहून घडविला. छज्जे, छत्र्या आणि जाळ्याही घेतल्या. जीभ जे नाकारीत होती ते हाताने स्वीकारले. सहकारी हर्बर्ट बेकर यांच्याशी मात्र रस्त्याच्या चढणीवरून त्यांचे कायमचे बिनसले. त्या चढामुळे पायथ्यापासून येणाऱ्याला घुमट दिसेनासा होतो, हे शल्य त्यांना अखेरपर्यंत राहिले.

इकडे घर दुरावत होते. लेडी एमिली थिऑसफीच्या आणि तरुण कृष्णमूर्तींच्या प्रभावाखाली आल्या. पतिपत्नींमधला संवाद पुष्कळसा पत्रांतूनच उरला, आणि त्या पत्रांमुळेच हा माणूस आपल्याला कळतो.

बडोद्याचे सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचे. १८७७ च्या लिटनच्या दिल्ली दरबारात ते कोवळ्या वयात हजर होते. १९११ च्या दरबारातील त्यांच्या मुजऱ्यावरून तर मोठेच काहूर उठले. त्याच सयाजीरावांचे दिल्लीतील निवासस्थान लिटनच्या जावयाने रेखाटले. कोपर्निकस मार्ग आणि कस्तुरबा गांधी मार्ग यांच्या बेचक्यातील या बडोदा हाउसमध्ये पुढे उत्तर रेल्वेचे मुख्यालय आले.

१९३१ मध्ये राजधानीचे उद्घाटन झाले. १९३८ मध्ये ल्युटेन्स रॉयल अकॅडमीचे अध्यक्ष झाले. पुढे वारंवार न्यूमोनिया होऊ लागला आणि अखेर कर्करोगाचे निदान झाले. तंबाखूचा या रोगाशी असलेला संबंध सप्रमाण मांडणारे संशोधन १९५० साली पुढे आले.  १ जानेवारी १९४४ रोजी लंडनच्या घरी त्यांचे निधन झाले, तेव्हा खोलीत लिव्हरपूलच्या कॅथीड्रलचे आराखडे मांडलेले होते. त्या आराखड्यांतले केवळ तळघर बांधले गेले.