७० टक्के + ६० टक्के = १३० टक्के? परीक्षेतल्या या गणितामागे आहे मदुराईत जन्मलेला एक हट्टी प्राध्यापक

अमरावती : स्पर्धा परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. समजा, वरुड तालुक्यातल्या एका गावात ७० टक्के शेतकऱ्यांकडे संत्रा आणि ६० टक्के शेतकऱ्यांकडे कपाशी आहे. दोन्ही असलेले कमीत कमी किती? बेरीज १३० होते, पण गाव तर १०० टक्क्यांचेच. म्हणजे वरचे ३० टक्के दोनदा मोजले गेले. निदान तेवढ्यांकडे दोन्ही पिके असणारच. हे कुणाच्या बांधावर न जाताही सांगता येते.

हा विचार तर्कशास्त्रात पद्धतशीर मांडला तो ऑगस्टस डी मॉर्गन यांनी. इंजिनिअरिंगच्या मुलांना हे नाव ‘डी मॉर्गनचे नियम’ म्हणून पाठ असते, माणूस मात्र फारसा माहीत नसतो.

त्यांचा जन्म २७ जून १८०६ चा, मदुराईचा. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात. तान्हेपणीच एका डोळ्याची दृष्टी गेली आणि सातव्या महिन्यात कुटुंब इंग्लंडला परतले. १८२७ मध्ये केंब्रिजच्या गणित परीक्षेत ते चौथे आले. पुढच्या पदवीसाठी चर्चच्या श्रद्धेवर सही करावी लागे. त्यांनी ती केली नाही आणि केंब्रिजमधली वाट बंद झाली.

१८२८ मध्ये, अवघ्या २१ व्या वर्षी, ते लंडनच्या नव्या विद्यापीठात प्राध्यापक झाले. तिथे धर्म विचारला जात नसे. १८३१ मध्ये एका सहकाऱ्याला काढून टाकल्याच्या निषेधार्थ राजीनामा दिला, १८३६ मध्ये परतले.

जुन्या तर्कशास्त्रात ‘सगळे’, ‘काही’ आणि ‘कोणीच नाही’ एवढेच शब्द चालत. ‘बहुतेक’ला जागा नव्हती. अर्ध्याहून जास्त लोकांकडे एक गोष्ट आणि अर्ध्याहून जास्त लोकांकडे दुसरी असेल, तर काहींकडे दोन्ही असणारच, हे डी मॉर्गन यांनी १८४७ च्या ‘फॉर्मल लॉजिक’ या ग्रंथात आकड्यांसह मांडले. भारताशी नातेही टिकले. दिल्लीचे गणितज्ञ रामचंद्र यांचे पुस्तक १८५९ मध्ये लंडनमध्ये पुन्हा छापले गेले ते त्यांच्याच पुढाकाराने.

१८६६ मध्ये जेम्स मार्टिनो यांना धार्मिक मतांमुळे प्राध्यापकपद नाकारले गेले, तेव्हा डी मॉर्गन यांनी विद्यापीठ कायमचे सोडले. पुढच्याच वर्षी गणितज्ञ मुलगा जॉर्ज गेला. १८ मार्च १८७१ रोजी त्यांचेही निधन झाले. आपण वहीत काढतो ती जॉन व्हेन यांची वर्तुळे १८८० मधली. ती त्यांना पाहायला मिळाली नाहीत.

आता प्रश्नाचा अवघड अवतार. त्याच गावात दोन्ही पिके असलेले आणि एकही नसलेले यांचे प्रमाण ४:१, तर दोन्हीवाले किती? एकही नसलेले ‘क्ष’, दोन्हीवाले ‘४क्ष’ माना. ७० + ६० − ४क्ष + क्ष = १००. म्हणून क्ष = १० आणि दोन्हीवाले ४० टक्के. एकही पीक नसलेले २४ शेतकरी दिले असतील, तर गावात शेतकरी २४०.