ॲलन ब्लमलाइन : गाडीतला आवाज मध्यभागी आणणारा माणूस



गेल्या वर्षी मी माझ्या सेकंड हँड हॅचबॅकमध्ये नवी साउंड सिस्टिम बसवून घेतली. पुढच्या दोन दारांत स्पीकर, खांबांवर ट्विटर, डिकीत सबवूफर आणि सीटखाली फोनच्या ॲपवरून चालणारा डीएसपी. बचतीचे बरेचसे पैसे त्यातच गेले. मोठ्या उत्साहाने पहिलं गाणं लावलं, तर गायिका माझ्या उजव्या गुडघ्यापाशी, दाराच्या कप्प्यात बसून गातेय असं वाटलं! आवाज मोठा होता, स्वच्छ होता, पण सगळा एका कोपऱ्यात गोळा झालेला.

ॲपमध्ये टाइम अलाइनमेंट नावाचं एक पान होतं. प्रत्येक स्पीकरसमोर एक रिकामी चौकट आणि त्यात मिलिसेकंद भरायचे. मी कोड लिहून पोट भरणारा माणूस. आकडा कशासाठी भरायचा हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हणून शोधत शोधत मागे गेलो आणि थेट १९३१ सालच्या लंडनमध्ये पोहोचलो. तिथे भेटला ॲलन ब्लमलाइन. आज त्याचीच गोष्ट सांगणार आहे. त्या चौकटीत काय भरायचं, हेही तिच्यातच येईल.

डोअरबेल दुरुस्त करणारा मुलगा

ॲलन डॉवर ब्लमलाइनचा जन्म २९ जून १९०३ चा, लंडनमधल्या हॅम्पस्टेडचा. वडील मूळचे जर्मनीचे, आई स्कॉटिश घराण्यातली. सात वर्षांचा असताना त्याने घरची बंद पडलेली डोअरबेल दुरुस्त केली आणि वडिलांच्या हातात रीतसर बिल ठेवलं. बिलावर आपल्या नावापुढे इलेक्ट्रिकल इंजिनिअर अशी पदवीही लावून टाकली. गंमत म्हणजे बारा वर्षांचा होईपर्यंत या मुलाला धड वाचता येत नव्हतं, असं सांगतात. वायर आणि सर्किट मात्र त्याला आपोआप कळायचं.

पुढे लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स कॉलेजमधून तो पहिल्या वर्गात पदवीधर झाला. सुरुवातीची नोकरी टेलिफोनच्या क्षेत्रातली होती. लांब पल्ल्याच्या केबलमध्ये एका लाइनवरचं बोलणं शेजारच्या लाइनवर ऐकू यायचं, ते कसं थांबवायचं यावर त्याने काम केलं. १९२९ मध्ये तो कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत आला. त्या काळी रेकॉर्ड कापायचं चांगलं यंत्र अमेरिकन पेटंटखाली होतं आणि प्रत्येक रेकॉर्डमागे रॉयल्टी द्यावी लागे. ब्लमलाइनने सहकाऱ्यांबरोबर वेगळ्या तत्त्वावरचं स्वतःचं यंत्र बनवलं आणि कंपनीची त्यातून सुटका केली. १९३१ मध्ये कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी एकत्र आल्या आणि ईएमआय जन्माला आली.

सिनेमा बघताना सुचलेलं

त्याच वर्षी ब्लमलाइन आपली भावी पत्नी डोरीन हिच्याबरोबर सिनेमाला गेला होता. बोलपट नवीनच आले होते. पडद्यावर नट एका बाजूला दिसायचा, पण आवाज यायचा जिथे स्पीकर ठेवला असेल तिथून. बाकीचे लोक कथेत रमले होते, याला ती विसंगती टोचत राहिली. आवाज नटाच्या मागे चालत गेला पाहिजे आणि तो कसा न्यायचा हे आपल्याला सापडलंय, असं त्याने डोरीनला सांगितलं.

१४ डिसेंबर १९३१ रोजी त्याने पेटंटसाठी अर्ज केला. क्रमांक ३९४३२५, त्यात तब्बल ७० दावे. आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो, तो जवळजवळ पूर्णच्या पूर्ण त्या कागदांत आहे. त्याचा शब्द वेगळा होता, तो बायनॉरल म्हणायचा.

आवाज कुठून येतो हे मेंदूला कसं कळतं?

आता थोडं विज्ञान, कारण खरी करामत इथेच आहे.

उजवीकडून कुणी हाक मारली तर आवाज आधी उजव्या कानात पोहोचतो आणि मग डाव्या. हा फरक जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंदाच्या आसपास असतो. म्हणजे एका सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी! शिवाय डोकं मध्ये आल्यामुळे डाव्या कानात आवाज थोडा मंद पोहोचतो. खालच्या सुरांसाठी मेंदू मुख्यतः वेळेतला फरक वापरतो आणि वरच्या सुरांसाठी आवाजाच्या जोरातला फरक.

हे शास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होतं. अडचण पुढे होती. हेडफोनमध्ये डावा आवाज डाव्या कानात, उजवा उजव्या कानात. पण खोलीत दोन स्पीकर ठेवले की दोन्ही स्पीकरचे आवाज दोन्ही कानांत शिरतात. दोन माइकनी टिपलेला वेळेतला बारीक फरक त्या सरमिसळीत बिघडतो.

ब्लमलाइनने हिशेब मांडला. दोन स्पीकरमधून एकच आवाज एकाच क्षणी सोडायचा, फक्त एकाचा जोर थोडा जास्त ठेवायचा. मग दोन्ही लहरी प्रत्येक कानापाशी एकमेकींत मिसळतात आणि खालच्या सुरांसाठी दोन कानांत वेळेचा फरक आपोआप तयार होतो. म्हणजे स्पीकरला जोरातला फरक द्या, कान त्यातून वेळेतला फरक घेतात. मग दोन्ही स्पीकरच्या मधल्या रिकाम्या जागेत, जिथे काहीच नाही, तिथून आवाज येतोय असं वाटतं.

फक्त एक अट आहे. ऐकणारा दोन्ही स्पीकरपासून सारख्याच अंतरावर हवा.

हे वाचलं आणि माझ्या डोक्यात दिवा पेटला. गाडीत आपण मध्यभागी कधी बसतच नाही ना!

ऑर्केस्ट्रा आणि आगगाड्या

ब्लमलाइन नुसता पेटंट लिहून थांबला नाही. रेकॉर्डच्या एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन चॅनल कोरायची पद्धत त्याच पेटंटमध्ये होती आणि तशा रेकॉर्डही त्याने कापून दाखवल्या. जानेवारी १९३४ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत सर थॉमस बीचम मोत्झार्टच्या सिंफनीची तालीम घेत असताना त्याने ती दोन चॅनलमध्ये टिपली. १९३५ मध्ये चित्रफिती केल्या. एकीत माणसं बोलत बोलत रंगमंचावर चालतात आणि आवाज त्यांच्याबरोबर सरकतो. दुसरीत हेझ स्टेशनवरून गाड्या जातात आणि आवाजही त्यांच्यासोबत पडद्यावर इकडून तिकडे जातो.

पण तेव्हा हे विकत कोण घेणार? कंपनीचं लक्ष टेलिव्हिजनकडे वळलं आणि ब्लमलाइनचंही. ज्या गटाने ४०५ ओळींची इलेक्ट्रॉनिक टीव्ही पद्धत बनवली, त्यातला तो प्रमुख इंजिनिअर होता. नोव्हेंबर १९३६ मध्ये बीबीसीचं नियमित टीव्ही प्रक्षेपण सुरू झालं. पुढे हीच पद्धत टिकली. याच काळात त्याने दोन सिग्नलमधला फक्त फरक वाढवणारं एक सर्किट पेटंट केलं. त्याच कल्पनेची भावंडं आज आपल्या फोनमधल्या ॲम्प्लिफायर चिपमध्ये बसलेली आहेत.

स्टिरिओ मात्र कपाटातच राहिला. स्टिरिओ रेकॉर्ड सर्वसामान्यांच्या घरात पोहोचायला १९५८ उजाडलं. ते बघायला ब्लमलाइन हयात नव्हता.

७ जून १९४२

दुसऱ्या महायुद्धात तो रडारच्या कामाला लागला. एचटूएस नावाचं रडार विमानाच्या पोटात बसवायचं होतं. अंधारात, ढगांतूनही खालच्या जमिनीचा नकाशा पडद्यावर दिसावा म्हणून. आपण बनवलेली वस्तू प्रत्यक्षात कशी चालते हे बघायला तो स्वतः विमानात चढला. ७ जून १९४२ रोजी चाचणीच्या उड्डाणात हॅलिफॅक्स बॉम्बरच्या एका इंजिनाला आग लागली आणि इंग्लंड-वेल्सच्या सीमेवर, वाय नदीच्या खोऱ्यात विमान कोसळलं. आतले अकराही जण गेले. त्यात ईएमआयचे त्याचे दोन सहकारीही होते. ब्लमलाइन एकोणचाळिसाव्या वाढदिवसापासून तीन आठवडे दूर होता. मागे डोरीन आणि दोन लहान मुलगे राहिले.

चौकशीत कळलं, की इंजिनाची देखभाल करताना एक छोटा नट नीट आवळला गेला नव्हता. तो ढिला झाला, व्हॉल्व तुटला आणि आग लागली.

शत्रूला सुगावा लागू नये म्हणून ही बातमी दाबून ठेवली गेली. ज्याच्या नावावर १२८ पेटंट होती, तो माणूस गेल्याचं जगाला धड कळलंही नाही. रडारचं काम मात्र थांबलं नाही. जानेवारी १९४३ मध्ये एचटूएस प्रत्यक्ष वापरात आलं. ब्लमलाइनला तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार मिळाला २०१७ मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर ७५ वर्षांनी.

परत माझ्या गाडीत

आता त्या रिकाम्या चौकटी. ब्लमलाइनची अट सारख्या अंतराची. सीट हलवता येत नसेल तर काय करायचं? जवळच्या स्पीकरला थांबवून ठेवायचं. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४.३ सेंटिमीटर जातो. मी टेप घेतला आणि माझ्या डोक्यापासून अंतरं मोजली: उजवं दार ९०, डावं दार १४०, सबवूफर २१० सेंटिमीटर.

सगळ्यात लांबच्याला शून्य. बाकीच्यांसाठी सगळ्यात लांबच्या अंतरातून त्याचं अंतर वजा करायचं आणि ३४.३ ने भागायचं. डाव्या दाराला ७० भागिले ३४.३, म्हणजे २.०४ मिलिसेकंद. उजव्याला १२० भागिले ३४.३, म्हणजे ३.५ मिलिसेकंद. ट्विटरचं अंतर वेगळं मोजायचं. मग डाव्या-उजव्याचा जोर सारखा करायचा आणि इक्वलायझरला सगळ्यात शेवटी हात लावायचा.

आकडे भरले आणि गाणं लावलं. गायिका दारातून निघाली खरी, पण मध्यभागी येईना. नुसती हवेत विरघळल्यासारखी, आणि बासही गायब. दोन रविवार मी दशांश चिन्हानंतरचे आकडे घासत बसलो. शेवटी दाराचं पॅनेल उघडलं, तर डाव्या स्पीकरच्या वायरी उलट जोडलेल्या! एक स्पीकर हवा पुढे ढकलत होता तेव्हा दुसरा मागे ओढत होता. दोन वायरींची अदलाबदल केली आणि आवाज डॅशबोर्डच्या बरोबर मधोमध येऊन बसला.

माझी चूक दोन रविवारांवर भागली. त्या विमानातल्या अकरा जणांना तशी संधी मिळाली नाही. तेव्हापासून ऑफिसमध्येही मी अवघड बगच्या मागे लागण्याआधी साध्या गोष्टी तपासतो.

एक गोष्ट राहिली. हे आकडे फक्त ड्रायव्हरच्या सीटसाठी आहेत. बाबा डावीकडे बसले की गायिका त्यांच्या दारात जाऊन बसते. म्हणून मी ॲपमध्ये दोन सेटिंग सेव्ह केली आहेत, एक माझ्यासाठी आणि एक विनाडिले, सगळ्यांसाठी. बाबा बरोबर असले की दुसरं.

तुम्हीही करून बघा. टेप घ्या, मोजा, आकडे भरा. पण त्याआधी वायरी बघा, बरं का!