रमाबाई विलायतेला गेल्या तेव्हा

आजचं वाचन : योहान, अध्याय ४



शोमरोनी बाई आणि विहीर. हा अध्याय आपण संडे स्कूलपासून ऐकत आलोय, म्हणून आज त्यावर थेट लिहीत नाही. ज्या बाईने हा अध्याय इंग्लंडमध्ये ऐकला आणि जिचं आयुष्य तिथून वळलं, तिच्याबद्दल लिहिते. पंडिता रमाबाई. नाव सगळ्यांना ठाऊक, केडगावचं मुक्ती मिशनही ठाऊक. पण त्यांचा परदेशप्रवास कसा झाला हे आपल्यापैकी थोड्यांनीच वाचलं असेल. मला तो सध्या पुन्हा पुन्हा आठवतोय, कारण आमच्या युथ ग्रुपची टीम जूनमध्ये दोन आठवड्यांसाठी केनियाला निघालीय आणि त्यात माझंही नाव आहे. जूनमध्ये मासेमारी बंद असते. आमच्या वरळी कोळीवाड्यात होड्या वर ओढून ठेवलेल्या असतात आणि घराघरात हात आखडता असतो. माझी मावशी बाजारात मासे विकते. तिने सरळ विचारलं, एवढे पैसे घालून तू तिकडे जाऊन देणार काय? तिला अजून उत्तर दिलेलं नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं, पुढे रमाबाईही आईकडून शिकल्या. बायकांना शास्त्र शिकवतो म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. हे कुटुंब पुराणं सांगत तीर्थातीर्थांतून फिरायचं. १८७० नंतरच्या दुष्काळात आई, वडील, मोठी बहीण सगळे गेले. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि पंडिता, सरस्वती अशा पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न केलं, तेही वेगळ्या जातीत. फेब्रुवारी १८८२ मध्ये कॉलऱ्याने नवराही गेला. तेव्हा रमाबाईंना चोवीसही पुरी नव्हती आणि मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती.

आमच्या कोळणी विधवा झाल्या तरी टोपली घेऊन बाजारात बसतात, पैशाचा व्यवहार त्यांच्याच हातात असतो. त्या काळच्या उच्चवर्णीय विधवेला घराबाहेर पडणंही मुश्कील होतं. हे डोळ्यासमोर ठेवलं की पुढचं पाऊल किती मोठं होतं ते कळतं.

त्या पुण्याला आल्या, आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिलं. वैद्यकी शिकायची म्हणून १८८३ मध्ये इंग्लंडला निघाल्या. तिकिटाचे पैसे कुणाकडे मागितले नाहीत, पुस्तकाच्या विक्रीतून उभे केले. (आमच्या टीमच्या देणगीच्या फॉर्मकडे बघताना हे सारखं मनात येतं.) सोबत लहानगी मनोरमा आणि आनंदीबाई भगत नावाची मैत्रीण. वाँटेजला सेंट मेरीच्या सिस्टरांच्या मठात त्या उतरल्या आणि राहण्याजेवण्याच्या बदल्यात हिंदुस्थानात येणाऱ्या सिस्टरांना मराठी शिकवू लागल्या. फुकट राहायचं नाही, हा त्यांचा हट्ट होता.

तो काळ सोपा नव्हता. आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली. परक्या देशात, परक्या भाषेत, सोबतीण अशी गेल्यावर ही बाई कशी उभी राहिली असेल, याचा मी खूप विचार करते. वर ऐकू कमी येत असल्यामुळे डॉक्टर होण्याचं स्वप्नही सोडावं लागलं. म्हणजे ज्यासाठी गेल्या, तेच हातचं गेलं.

आणि इथे आजचा अध्याय येतो. सिस्टरांनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला आपलं काम बघायला पाठवलं. समाजाने वाईट चालीच्या म्हणून टाकून दिलेल्या बायकांना तिथे आसरा मिळत होता, आणि त्यातल्याच काही जणी आता आजाऱ्यांची सेवा करत होत्या. शास्त्रं तोंडपाठ असलेल्या रमाबाईंना अशा बायकांवर दया करायची असते, हे कुठे शिकवलेलं नव्हतं. या सिस्टरांना एवढी माया कुठून येते, असं त्यांनी विचारलं. तेव्हा एका सिस्टरने त्यांना ख्रिस्ताची आणि शोमरोनी बाईची भेट वाचून दाखवली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरीस मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

पण म्हणून त्यांनी मान तुकवून सगळं मान्य केलं, असं नाही. त्या शाकाहारी राहिल्या, साडी सोडली नाही. लॅटिन अक्षरं कोरलेला क्रूस घालायला नकार दिला, कारण आपल्या लोकांना ती भाषा परकी. जिने मायेने सांभाळलं त्याच सिस्टरशी त्रैक्यावरून, चर्चच्या अधिकारावरून पत्रांतून वाद घातला. चेल्टनहॅमच्या कॉलेजात संस्कृत शिकवत असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असा सल्ला आला, तोही त्यांना पटला नाही. आपल्या ग्रुपमध्ये प्रश्न विचारणाऱ्याचा विश्वास कमी, असं समजणाऱ्यांनी ती पत्रं जरूर वाचावीत.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या. दोघी दूरच्या नात्यातल्या. समारंभ ११ मार्चचा. थोडे दिवस राहायचं होतं, राहिल्या जवळजवळ तीन वर्षं. बालवाडीची पद्धत शिकल्या, गावोगाव भाषणं केली, इथल्या विधवांची स्थिती सांगणारं इंग्रजी पुस्तक लिहिलं. बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि दहा वर्षं मदत करायचं तिने कबूल केलं. तिथल्या बायकांच्या संघटना बघून त्या थक्क झाल्या. परतल्यावर अमेरिकेवर मराठीत अख्खं पुस्तक लिहिलं, म्हणजे बघितलेलं इथल्या बायकांपर्यंत पोचावं.

फेब्रुवारी १८८९ मध्ये मुंबई, आणि ११ मार्चलाच चौपाटीला शारदा सदन सुरू. कोळीवाड्यातून बसने अर्ध्यापाऊण तासावर, ट्रॅफिक नसेल तर! सुरुवातीच्या मुलींमध्ये गोदूबाई होत्या, ज्या पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. पुढे सदन पुण्याला गेलं. मुली ख्रिस्ताकडे वळतायत म्हणून १८९३ मध्ये गदारोळ झाला, सल्लागारांनी राजीनामे दिले, कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या.

मला सगळ्यात जवळची वाटते ती यामधली एक गोष्ट. बाप्तिस्म्यानंतर साधारण आठ वर्षांनी रमाबाईंना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, खुद्द ख्रिस्त नाही. तो त्यांना सापडला परदेशातून आल्यावर, पुण्यात, कामाच्या रगाड्यात. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या. ज्या दुष्काळाने आईबाप नेले, तसल्याच दुष्काळात. त्यातून केडगाव उभं राहिलं.

शेवटची वर्षं गेली बायबल सोप्या मराठीत आणण्यात. त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छपाईचं काम मुक्तीतल्याच मुली-बायका करायच्या. १९२१ मध्ये मनोरमा गेली, ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई. भाषांतर तोवर पुरं झालं होतं.

मावशीला मी हे सगळं सांगितलं. तिने बोंबील निवडत ऐकून घेतलं आणि विचारलं, मग तू तिकडून काय शिकून येणार? हा प्रश्न मी टीमच्या मीटिंगमध्ये रविवारी मांडणार आहे. प्रार्थनेत आठवण ठेवा.

उद्या : योहान, अध्याय ५.