डॉ. कमला सोहोनी

नईममधल्या आमच्या वर्गात बाईंनी विचारले, रोज पोटभर जेवणारे मूल कुपोषित असू शकते का? आम्ही सगळे एकदम नाही म्हणालो, आणि चुकलो. नुसत्या भाताने पोट भरते, पण प्रथिने, जीवनसत्त्वे आणि लोह कमी पडले तर मूल खंगते. गरिबांच्या अन्नात ही सत्त्वे कुठे सापडतील, याचा शोध ज्यांनी घेतला त्या डॉ. कमला सोहोनींची ओळख आम्ही करून देत आहोत.

कमलाबाई माहेरच्या भागवत. लेखिका दुर्गाबाई भागवत त्यांच्या थोरल्या बहीण. १९३३ साली मुंबईहून बी.एस्सी. होऊन त्या बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये गेल्या. तेथे सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर अटी घालून प्रवेश मिळाला. तेथे त्यांनी दूध आणि डाळींतील प्रथिने अभ्यासली. पुढे १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली.

मायदेशी परतल्यावर कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत आणि नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी काम केले. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरा तपासली. नीरा म्हणजे ताड, माड, शिंदी यांचा न आंबलेला गोड रस. त्यात त्यांना जीवनसत्त्वे आणि लोह आढळले. कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर स्त्रियांना नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारली. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. १९९८ साली त्यांचे निधन झाले.

कुपोषण ओळखावे कसे, हेही आम्ही शिकलो. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला पट्टी लावतात. घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला किंवा दोन्ही पावलांवर सूज असली, तर ते तीव्र कुपोषण. अशा मुलाला एकदम भरपेट वाढायचे नाही. डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडे थोडे, पुन्हा पुन्हा भरवायचे. पापण्या आतून फिकट दिसल्या तर रक्त कमी असू शकते. संधिप्रकाशात दिसेनासे झाले तर 'अ' जीवनसत्त्वाची शंका घ्यावी.

बहारीनमध्ये खजुराची झाडे पुष्कळ. शिंदी ही त्यांचीच बहीण, हे आम्हांला ठाऊक नव्हते. कमलाबाईंनी औषध शोधायला दूर न जाता अशा झाडाकडेच पाहिले. पुढच्या वर्गाला आम्ही प्रत्येकजण आपल्या डब्यात काय काय असते ते लिहून आणणार आहोत. तुम्हीही आणा!