चांद्याचे दादासाहेब आणि विक्रोळीची वसाहत

मुंबईत विक्रोळी पूर्वेला गृहनिर्माण मंडळाने वसवलेले कन्नमवार नगर आहे. ज्यांचे नाव या वसाहतीला दिले गेले, ते मारोतराव कन्नमवार तथा दादासाहेब मात्र दूरच्या चांद्याचे.

१० जानेवारी १९०० रोजी त्यांचा जन्म झाला. दगडमातीची कामे करून इतरांची घरे उभारणाऱ्या बेलदार समाजातील हे कुटुंब गरीब होते. वृत्तपत्रे विकणारा हा तरुण स्वातंत्र्यलढ्यात उतरला आणि काँग्रेस संघटनेत वर चढत गेला. जंगलपट्ट्यातील सावली मतदारसंघाचे त्यांनी प्रतिनिधित्व केले. चीन युद्धाच्या वेळी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि २० नोव्हेंबर १९६२ रोजी कन्नमवार महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री झाले. विदर्भाला हा मान प्रथमच मिळाला.

त्या काळी सरकारी घरांचा अग्रक्रम ठरून गेला होता. १९५२ च्या औद्योगिक गृहनिर्माण योजनेत कामगारांच्या घरांसाठी केंद्राकडून राज्यांना अनुदान व कर्ज मिळे. १९५४ मध्ये अल्प उत्पन्न गटासाठी कर्जयोजना आली. गिरण्या व कारखान्यांच्या शहरात दाटीवाटीने राहणाऱ्यांना प्राधान्य मिळणे समजण्याजोगे होते. खेड्यांसाठीची योजना १९५७ मध्ये निघाली, पण तिचा आधार मुख्यतः कर्जाचा. हाती सातबारा नसलेल्या वनवासी कुटुंबाला कर्ज कोण देणार?

हा क्रम बदलण्याइतका अवधी कन्नमवारांना लाभला नाही. २४ नोव्हेंबर १९६३ रोजी, मुख्यमंत्रिपदावर असतानाच त्यांचे निधन झाले.

पुढे १९८२ मध्ये चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. ग्रामीण गरिबांना घरासाठी थेट अनुदान देणारी इंदिरा आवास योजना १९८५ मध्ये सुरू झाली. २०१६ च्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार, तर गडचिरोलीसारख्या भागासाठी १ लाख ३० हजार रुपये ठरले. तरीही घराआधी जमिनीचा प्रश्न उभा राहतोच. वनजमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचा हक्क कायद्याने मान्य झाला, तो २००६ मध्ये.

शहरातील मंडळाच्या वसाहतींत कालांतराने अनेक भाडेकरू गाळ्यांचे मालक झाले. आज तेथे पुनर्विकासाचे मनोरे उभे राहत आहेत. कन्नमवारांच्या मुलखात अनेकांना अजून पायाखालच्या जमिनीचा कागद मिळवायचा आहे. घरांचा अग्रक्रम ठरवताना सरकारने आधी तो कागद द्यावा.